भिंतीकडे तोंड करून ऐकणारे अण्णा

माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. ऱ्हस्व-दीर्घ चुकणार, आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. वहीनं सांभाळून घ्यावं. पण तुकोजीअण्णांबद्दल लिहून ठेवावंसं वाटतं. आता ते हुबळीला मुलीकडे असतात.

आमच्या या कानडी शहरात, शिवाजीनगरला त्यांचं जुन्या मोटरसायकलींचं गॅरेज होतं. गाडी आली की अण्णा आधी भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. "मारा किक," म्हणायचे, आणि नुसतं ऐकायचे. "लोक गाडी पुसून आणतात, अक्का. आवाज कोण पुसणार?"

आमची गाडी यांनी लग्नाआधी घेतलेली. यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, चालवा, पण किक मारू नका. घरात आम्ही दोघंच. व्हाइटफील्डचा एक साहेब गाडी घ्यायला तयार होता; महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणाला. "देऊन टाकू," असं हे म्हणाले आणि त्या दिवशी नीट जेवले नाहीत. ताट उचलताना मी म्हटलं, "किक मी मारते." कसं तोंडून निघालं, कोण जाणे.

पण किक निसटायची. दांडी रिकामीच खाली जायची आणि वर येताना नडगीवर बसायची. मला वाटलं, माझंच वजन कमी पडतंय. गाडी अण्णांकडे नेली. त्यांनी एकदाच ऐकलं. "किक बरी आहे. तिचा जोर क्लचमधून इंजिनला जातो, आणि क्लच घसरतोय." मग हँडलची क्लचची तार बोटानं हलवून पाहिली. जराही ढील नव्हती.

"ही कोणी आवळली?"

"मीच," हे म्हणाले. "दर रविवारी. सैल वाटायची."

"स्वल्प सैलच हवी, राव! दर रविवारी प्रेमानं गळा आवळलात की तिचा!"

हे खाली बघायला लागले. मी पदराआड हसले.

तार कायम ताणलेली, त्यामुळे क्लचच्या प्लेटी एकमेकींना घट्ट धरतच नव्हत्या. घासून गुळगुळीत झाल्या होत्या. अण्णांनी नव्या घातल्या. किकची दमलेली स्प्रिंगही बदलली. शेवटी खिशातून एक जुनं नाणं काढून क्लचच्या दांडीच्या फटीत सरकवलं आणि त्याच्या जाडीएवढी ढील ठेवून तार बसवली.

पैशांचा त्यांचा नियम होता. अर्धे आधी. उरलेले, गिऱ्हाइकानं आपल्या दारात थंड गाडी एका किकेत सुरू केल्यावर. आमच्याकडे किक मारणारी मी.

अण्णा राहायला जयनगरलाच, आमच्या मागच्या रस्त्याला. दुकानाला जाताना सकाळी आमच्या दारात थांबत. पहिल्या दिवशी मी पदर खोचून उभी राहिले, तर समोरच्या गॅलरीत दोघी बायका. पाय उचलेना. हळूच दाबला.

"अक्का, गाडीच्या पाया पडताय काय? पाय टाका!" मग माझा चेहरा बघून कंपाउंडच्या भिंतीकडे वळले. "सरी, बरं. मी बघत नाही, ऐकतो फक्त. किक हळूहळू दाबा, दिव्यावरचा करंटचा काटा मध्ये आला की थांबा. मग सगळं वजन सोडा."

असे पंधरा-वीस दिवस गेले. कधी तीन किका लागत, कधी सात. मी उरलेल्या पैशांचं पाकीट पुढे केलं की म्हणत, "बेडा अक्का, अजून नको." साहेबाचा फोन आला, रविवारी गाडी न्यायला येतो. यांनी कागदपत्रं काढून टेबलावर ठेवली.

शनिवारी सकाळी गॅलरीत त्या दोघी होत्याच. मी काट्याकडे बघितलं. काटा मध्ये आला, मी थांबले, आणि सगळी उभी राहिले त्या दांडीवर.

गाडी सुरू झाली. एका किकेत.

अण्णा लगेच वळले नाहीत. भिंतीकडे बघत बराच वेळ ऐकत राहिले. यांनी आत जाऊन साहेबाला फोनवर गाडी देत नाही म्हणून सांगितलं, कागद कपाटात टाकले आणि येऊन गाडीवर बसले. मी पाकीट पुढे केलं. अण्णांनी हात फडक्याला पुसून ते दोन्ही हातांनी घेतलं आणि न उघडताच खिशात घातलं.

"पुरे फिटले, अक्का. आता बसा मागे. तुमचा ड्रायव्हर थांबलाय."