धुरकटलेल्या शिखरांसमोर एक दशहरी

मी हवामानाचा अंदाज वाचला डोंगरमाथ्याचा आणि खोली ठरवली दरीत.

म्हणजे दरीबद्दलही त्यात लिहिलेलं होतंच. मिरजेहून निघण्याआधी कुमाऊंच्या उन्हाळ्याचा अंदाज मी पंचांगासारखा वाचला होता. उंचावर हवा सुखद, दऱ्यांत उष्मा, वणव्यांमुळे धुरकट, आठवडाअखेर पावसाची सर. पण नदीकाठची ती खोली फोटोत इतकी गार दिसत होती, की उष्मा दुसऱ्या कुठल्या तरी दरीत असेल असं मी धरून चाललो.

लखनौला, इंदिरा नगरच्या घरी, वहिनी वाट पाहत होत्या. माझा थोरला भाऊ रेल्वेत इंजिनिअर. दर उन्हाळ्यात तो वहिनींना म्हणायचा, यंदा तुला बर्फाची शिखरं दाखवतो, आणि दर उन्हाळ्यात त्याची रजा रद्द व्हायची. गेल्या हिवाळ्यात दादा गेला. आता पुतणी अनुजा आईला कायमची बंगळूरला नेणार होती. अर्धं सामान खोक्यांत गेलेलं. शिखरं दिसायची तर याच उन्हाळ्यात.

वहिनींनी एक नेम धरला होता. दादा दरवर्षी मलिहाबादच्या एकाच बागेतून दशहरी आणायचा. त्याच बागेतला आंबा शिखरांसमोर त्याच्या नावाने ठेवायचा. तोवर आंब्याला तोंड लावायचं नाही.

बागेत गेलो तर म्हातारे बागवान गाडीच्या मागे पाहू लागले. "साहब नहीं आए?"

"अब नहीं आएँगे, भैया," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी स्वतः झाडाखाली जाऊन एकेक आंबा निवडला, पेटीत पेंढा घालून पाल (आपल्याकडची अढी) लावून दिली आणि बजावलं, "ठंडक में रखिएगा. गर्मी लगी तो दो दिन में पक जाएँगे."

"चाचा, पहाड़ पे जा रहे हैं!" मी ऐटीत म्हणालो. बॅगेत दोन स्वेटर होते.

स्टेशनवर अनुजाने विचारलं, "काका, पक्का ठंडा है ना वहाँ?"

"कुडकुडशील," मी म्हणालो. ती येणार नव्हती, तरीही.

काठगोदामला उतरून टॅक्सी केली. रस्ता चढू लागला, चीडची (पाइनची) झाडं आली, वळणावर पानांच्या द्रोणात काफल (डोंगरातलं लाल, आंबटगोड फळ) मिळालं. वहिनींनी पदराने वारा घेणं सोडून खिडकीबाहेर हात काढला. "गार लागतंय हो, भाऊजी!" त्या हसल्या. त्या हिवाळ्यानंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

मग गाडी उतरू लागली. उतरतच राहिली.

"भैया, नीचे क्यों जा रहे हैं?"

"साहब, आपका होटल घाटी में है," चालक गोपाल म्हणाला. "जून में तो घाटीवाले भी ऊपर भाग जाते हैं."

खोलीला पत्र्याचं छत होतं. नदी होती, पण तिच्यात पाण्यापेक्षा दगड जास्त, आणि तेही तापलेले. वहिनींनी वर्तमानपत्राने वारा घेत चौफेर पाहिलं. "हे तर लखनौच झालं. तिथे निदान कूलर तरी होता." स्वेटर मी उशीखाली दडवले.

वरच्या गावात एकही खोली मोकळी नव्हती. दुसऱ्याच सकाळी खोलीभर वास सुटला. पेंढा बाजूला केला तर सगळे आंबे पिवळेधमक, दोन-तीन डागाळलेलेही. पावसाची सर अजून लांब होती, पण आंबे थांबायला तयार नव्हते. "उद्यापर्यंत एकही धड राहायचा नाही," वहिनी म्हणाल्या. तेव्हाच गोपालला बोलावून माथ्याकडे निघालो.

माथ्यावर हवा खरंच सुखद होती. समोर मात्र राखेच्या रंगाचा पडदा, नाकात जळक्या चीडचा वास. चहावाल्या बाईने त्या पडद्यातच बोट दाखवलं. "यहाँ त्रिशूल, वहाँ नंदादेवी. सामने ही हैं, दीदी. बस बारिश हो जाए."

वहिनींनी सगळ्यात चांगला आंबा निवडून पदराने पुसला, कठड्यावर ठेवला. "इकडेच ना, भाऊजी?"

"इकडेच," मी म्हणालो. दिशेच्या बाबतीत त्यांनी मला विचारावं!

त्यांनी हात जोडले. शेजारी उभ्या माणसाशी बोलावं तशा हळूच म्हणाल्या, "आले हो मी. तुम्हाला दिसतंय ना?"

मग आंबा कापला, चहावालीला दिला, मला दिला, एक फोड स्वतः घेतली. "गोड आहे," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी परतलो. नेम झाला, आता या उकाड्यात कशाला राहायचं, असं त्यांचं म्हणणं. थांबू या म्हणायचं तोंड मला उरलं नव्हतं. परतीच्या गाडीत मनात एकच घोळत होतं, अंदाजातलं अक्षरही चुकलं नव्हतं. माथ्यावर राहिलो असतो तर आंबेही टिकले असते आणि आम्हीही.

लखनौला वहिनी डबे कागदात गुंडाळत होत्या, तेव्हा गोपालने पाठवलेला फोटो आला. सर येऊन गेली होती. स्वच्छ आकाश, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी शिखरं. मी फोन पालथा ठेवला.

"काय आलंय?"

"काही नाही."

"बघू."

त्यांनी चष्मा पुसला. फोटो मोठा करून एकेक शिखर पाहिलं. कठडा दिसतो का तेही शोधलं. मग फोन माझ्या हातात दिला आणि पुन्हा डबा उचलला.

"ह्यांनी कधी नेलंच नाही, भाऊजी. तुम्ही नेलंत आणि दाखवलं नाहीत. ह्यांचं बरं होतं."