गोड जेवणाचा घोळ

नागपुरात, सदरच्या बाजारात झेंडू आणि उदबत्तीचा वास एकत्र आला, की मी अजून गोंधळतो. हसावं की हात जोडावे?

माझं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, काटोलजवळच्या एका गावी, समाजभवनात होतं. किल्ली शेवंतामावशीकडे, झाडलोटही त्या हौसेनं, फुकट करायच्या. मुलीकडचे त्यांना सांगून गेले, "रविवारी गोड जेवण हाय." दुसऱ्या एका घरचेही तेच सांगून गेले. मावशींना वाटलं, एकाच जेवणाची आठवण दोनदा करून राहिले!

लाखभर पाहुणे, म्हणजे चाळीसेक, घेऊन मी पोचलो. समोर झेंडूचा हार घातलेला म्हाताऱ्याचा फोटो, पुढे उदबत्ती. सासऱ्यांचे वडील समजून मी लोटांगण घातलं. फोटो आम्हीच आणला समजून सासरेही वाकले. मग कळलं, ते दुखवटा सुटायचं गोड जेवण!

"अपशकुन झाला! मोडलं लग्न!" आई गरजली. मावशी रडकुंडीला आल्या.

फोटोतल्या म्हाताऱ्याची बायको उठली. "थांब वं बाई. आमाले लेकरू नाही झालं. जावई पाहाची लय हौस होती बुढ्याले. पाहू दे त्याले."

आईनं साक्षगंधाच्या ताटातला पेढा उचलून फोटोपुढे ठेवला.

आमच्या अल्बममध्ये पहिला फोटो त्याच म्हाताऱ्याचा आहे. नातवंडं विचारतात, "आबा, हे कोण?" मी दर वेळी वेगळं नातं सांगतो. घोळ असा, की दर वेळी ते मलाच खरं वाटतं.