आधी ओंजळभर प्या

"आधी वंजळभर प्या, मग गळ टाका," असं म्हणत तो पाहुण्यांच्या हातातली गळाची काठीच काढून घ्यायचा. पुण्याहून रविवारी मुळशीच्या धरणावर आलेली माणसं बिचकत वाकायची. कुणी रुमालातून गाळून प्यायला लागलं की ओरडायचा, "च्या हाय का त्यो? जे पानी पिववत न्हाई, त्यातला मासा कसा चालतोय?"

सगळे त्याला मास्तर म्हणत. शाळेचं तोंड त्यानं पाहिलं नव्हतं. मी निदान सहावीपर्यंत पाहिलं होतं. मग शाळा सोडून खानदेशातून इतक्या लांब आलो, धरणाजवळच्या बंगल्यावर स्वयंपाकाला लागलो. नोकरी जाईल या धास्तीनं मीठ दोनदा पडायचं. मास्तर ते खारट कालवण ताट पुसून खायचा आणि बंगल्याच्या कारभाऱ्याला सांगायचा, "मीच म्हनलं, जास्ती टाक." हे कसं विसरू?

त्याचं गाव याच पाण्याखाली होतं. त्याबद्दल तो बोलत नसे. "पानी हाय आता. त्याला आपलं म्हननारं कुनीतरी पायजे," एवढंच. म्हणून पाहुण्यांना गळ टाकायला शिकवायचा. कणकेचा गोळा केवढा लावायचा, बोटाएवढं पिल्लू लागलं तर ओल्या हातानं कसं सोडायचं.

आषाढात मात्र तो सगळ्यांना ओढ्याच्या तोंडाशी न्यायचा. अंडी घालायला मासे तिथून वर चढत.

"हितं गळ टाकायचा न्हाई. बाळंतिनीची खोली हाय ही."

जी जागा राखायची ती दाखवायची कशाला, असं मी एकदा विचारलं. तुम्हीही विचारलं असतं.

"दावल्याबिगर राखतील कशी, येड्या?"

पुढच्या आषाढात त्याचेच शागिर्द मोटार घेऊन आले. दुपारी त्यांनी दोन पाट्या मासे माझ्या ओट्यावर ओतले. सुरी लावावी तिथं अंड्यांची गाबोळी. मास्तर दारात आला, तसा एकानं सगळ्यांत मोठा मासा दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरला.

"मास्तर, ही गुरुदक्षिणा! तुम्हीच दाखवलेली जागा."

"गळ टाकू नका म्हनलो हुतो."

"नाहीच टाकला. जाळं लावलं!"

सगळे हसले. मनापासून हसले, तेच वाईट.

मास्तर मासा घेऊन काठावर गेला. मी खिडकीतून पाहत होतो. त्यानं मासा पाण्यात सोडला. तो पांढरं पोट वर करून तरंगला. मग सवयीनं त्यानं ओंजळ भरली, तोंडापर्यंत नेली, आणि बोटांतून तशीच गळू दिली.

त्याच आठवड्यात तो नेऱ्याला लेकीकडे गेला. परत आला नाही.

रविवारी मोटार आलीच. मास्तर कुठं आहेत, हे कुणी विचारलं नाही. जागा त्यांना ठाऊक होती.