दोघांपुरती राहुटी

लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा मला वाटलं होतं, शहरातल्या माणसांकडे बोलायला पुष्कळ असेल. आमच्या घरात तसं नव्हतं. हे कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. सकाळी जायचे, दुपारी यायचे, जेवायचे आणि मग वर्तमानपत्रांच्या घड्यांत दाबून ठेवलेली गवतं उलटीपालटी करत बसायचे. कधी रागावले नाहीत, कधी भाजीला नाव ठेवलं नाही. फक्त बोलायचे नाहीत. मी करमाळ्याकडच्या खेड्यातली, अकरावी झालेली, शिवणाचा क्लास केलेली. तोंड उघडलं की 'हाय' नि 'न्हाय' निसटून जायचं, म्हणून मीही बेतानंच बोलायचे. आम्ही शहराच्या पूर्वभागात, विणकरांच्या वस्तीत राहायचो. शेजारी माग चालायचे. त्यांची खटखट थांबली की आमच्या दोन खोल्या किती गप्प आहेत ते एकदम कळायचं.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनतीन वर्षं झाली असतील. पौषातल्या एका संध्याकाळी ह्यांनी पिशवीतून एक गुळगुळीत कागदाचं परदेशी पुस्तक काढलं आणि माझ्यासमोर उघडून धरलं. आत नुसत्या राहुट्यांची चित्रं. हिरव्या, नारिंगी, एखादी तर इतकी बुटकी की माणसानं रांगतच आत जावं.

"असली राहुटी तुला शिवता येईल का?" त्यांनी विचारलं. "मे महिन्यात हिमालयात जायचंय. पाठीवर घेऊन चालायचं, म्हणजे वजनाला हलकी पाहिजे. आणि दोघांना पुरली पाहिजे."

मी चित्राकडं बघत राहिले. 'दोघांना' हा शब्द मी मनात धरून ठेवला. दुसरं कोण, हे मी विचारलं नाही. मला विचारायचं सुचलंच नाही.

त्यानंतरचे तीन महिने माझ्या संसारातले सगळ्यात बोलके महिने होते. एका रविवारी आम्ही जुन्या सामानाच्या दुकानात गेलो. तिथं लष्करातनं निकालात निघालेली एक खाकी राहुटी होती. दुकानदारानं ती रस्त्यातच अंथरून दाखवली. "साहेब, तोफेचा गोळा पडला तरी फाटणार नाही," तो म्हणाला. ह्यांनी उचलून बघितली आणि हसले. शेजारच्या रद्दीवाल्याच्या ताणकाट्याला टांगली, तर खांबांसकट अकरा किलो भरली.

"तोफगोळ्याची काळजी नाही हो," हे म्हणाले, "चढाची आहे."

परतताना टांगा न करता चालत आलो. कापड जाड घ्यावं की पातळ, दार एका बाजूला की दोन्ही, खाली बूड शिवावं की नुसतं मेणकापड अंथरावं, असं बोलत होतो. एकदा तर रस्त्यातच थांबून त्यांनी मातीत काडीनं आकृती काढली. जाणारी माणसं वळून बघत होती. मला लाज वाटली नाही. उलट वाटलं, बघू देत.

नायलॉनचं कापड त्या वेळी आमच्याकडं मिळायचं नाही. मी शेजारच्या अक्कांना विचारलं. त्या तेलुगू, त्यांचं सगळं घर मागावरचं. त्यांनी घट्ट विणीच्या सुती कापडाचे चारपाच तुकडे आणून दिले. "उन्हात धर," त्या म्हणाल्या. "ज्याच्यातनं सूर्य दिसंना, ते घे." मी एकेक तुकडा डोळ्यांसमोर धरला. मग वाटीवर ताणून वर पाणी ओतलं आणि थेंब कधी पडतो ते मोजत बसले. सगळ्यात जाड तुकडा नव्हे, तर मधला एक बारीक सुताचा, तोच जास्त वेळ टिकला. ह्यांना दाखवलं तर ते खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले आणि आम्ही दोघं तो थेंब पडायची वाट बघत राहिलो.

"कुणाला नेणार आहेत सर?" अक्कांनी एकदा विचारलं.

"दोघं जाणार," मी म्हणाले. अक्का हसल्या आणि त्यांनी माझ्या पाठीत हलकीच थाप मारली.

माप घ्यायचं ठरलं तेव्हा ह्यांनी खोलीतल्या फरशीवर खडूनं रेघा मारल्या. एका बाजूला स्वतः आडवे झाले आणि मला शेजारी झोपायला सांगितलं. खांद्यांजवळ किती जागा राहते ते वितीनं मोजलं.

"लांबी दोन्हीकडं साडेसहा फूट ठेव," ते म्हणाले.

"मला पाच फूट पुष्कळ की."

"नको. साडेसहाच ठेव."

मला वाटलं, पायाशी सामान ठेवायचं असेल.

शिवण माझ्या पायमशीनवर झालं. कडा आत दुमडून प्रत्येक शिलाई दोनदा घातली, वर मेणबत्ती घासली. सगळं कापड आधी साबणाच्या दाट पाण्यात आणि मग तुरटीच्या पाण्यात भिजवून वाळवलं. म्हणजे त्यावर पाणी ठरत नाही, हे ह्यांना कॉलेजातल्या कुणीतरी सांगितलं होतं. खांब बांबूचे करावेत असं माझं म्हणणं होतं. ह्यांनी अक्कलकोट रोडच्या एका वर्कशॉपातून ॲल्युमिनियमच्या नळ्या कापून आणल्या, एकात एक बसणाऱ्या. तेवढ्यावरून आमचं चक्क भांडण झालं आणि मला ते आवडलं. सगळं मिळून साडेतीन किलो भरलं. त्या आठवड्यात मी त्यांना न सांगता बाजारातून पांढरे कॅनव्हासचे बूट आणले आणि दुपारी घरात कुणी नसताना घालून चालायची सवय केली.

एप्रिलात गच्चीवर राहुटी उभी केली. त्या दिवशी ह्यांचे एक मित्र आले होते. भूगर्भशास्त्र शिकवायचे, एकटे राहायचे, उंचीला ह्यांच्यापेक्षाही जास्त. आले की घर दणाणून सोडायचे. मी दोन बादल्या पाणी राहुटीवर ओतलं. एक थेंब आत गेला नाही. ते मित्र रांगत आत शिरले, लांब झाले आणि आतूनच ओरडले, "अरे, पाय पुरतायत माझे! वहिनी, मानलं तुम्हाला. आता तो पर्वत आमचाच."

हेही आत शिरले. दोघांचं हसणं ऐकू येत होतं. मी बाहेर रिकामी बादली घेऊन उभी होते. साडेसहा फूट कुणासाठी, ते मला तेव्हा कळलं.

मित्र गेल्यावर मी राहुटीची घडी घालायला लागले. हे नळ्या पुसत होते. मला गप्प राहवलं नाही.

"आन् मी?"

"तू काय?"

"मी न्हाय यायचं?"

त्यांनी मान वर केली. खरोखरच चकित झाले होते. खोटेपणा त्यांना जमायचा नाही. "तू? तिथं? रोज पंधरा-वीस किलोमीटर चढायचं असतं. तू कधी म्हणालीच नाहीस."

"तुमी कदी इचारलं?"

त्यांनी नळी पुन्हा पुसायला घेतली. म्हणाले, "तिकिटं झालीत गं."

मे महिन्यात ते दोघं गेले. दौंडला गाडी बदलून दिल्ली, तिथून पुढं. मी टांग्यापर्यंत राहुटीची पिशवी पोचवली आणि घरात येऊन दार लावून घेतलं. ते दार मी चार दिवस उघडलंच नाही म्हटलं तरी चालेल. लाज एवढीच होती की अक्कांना मी 'दोघं जाणार' म्हणून सांगून बसले होते. पाणी अंधार असताना भरायचे, कपडे घरातच वाळवायचे. स्टोव्हचा आवाज नको म्हणून दोन वेळा शिळंच खाल्लं. पाचव्या दिवशी अक्कांनी मला सामाईक मोरीजवळ पाहिलंच.

"तू गेली नाहीस?"

"उद्या निगणार," माझ्या तोंडून गेलं. "मागनं."

आता जाणं भाग होतं. माहेरी जावं तर तिथंही हेच प्रश्न. पहाटे ते बूट घातले, पिशवी घेतली आणि स्टँडवर जी गाडी लागली होती तिच्यात बसले. ती सांगोल्याला जाणारी होती. तिथं माझं कुणी नव्हतं, म्हणून बरं वाटलं. सांगोल्याच्या अलीकडं रस्त्याकडेला मेंढरं बसलेली दिसली आणि का कोण जाणे, मी कंडक्टरला गाडी थांबवायला सांगितली.

माळावर मेंढपाळाचं पाल होतं. चार काठ्यांवर घोंगडी ताणलेली, एवढंच. सावलीत एक बाई लेकरू पाजत बसली होती, माझ्याच वयाची.

"कुटं निगाली, बाई?"

"कुटं न्हाय. अशीच."

"एकलीच?"

"व्हय."

"मालक?"

"हिमालयात गेल्यात."

"ते कुटं आलं?"

"लई लांब."

तिनं माझ्या बुटांकडं बघितलं, मग तोंडाकडं. "माजाबी गेलाय फुडं, पाणी हुडकाया. आट दिस झालं. बस की सावलीला."

दुपारभर मी तिथंच होते. तिनं शेळीच्या दुधाचा चहा दिला. मग लेकरू माझ्या मांडीवर देऊन ती मेंढरं फिरवून आली. ऊन असं होतं की लांबचा रस्ता पाण्यासारखा हलायचा. पण पालात तेवढी तलखी नव्हती. मी बघितलं तर घोंगडीच्या दोन्ही टोकांशी तिनं वीतभर फट ठेवली होती. वारा एकीकडून येऊन दुसरीकडून जात होता. आम्ही फार बोललो नाही. निघताना ती म्हणाली, "आज जरा दिस लवकर गेला."

संध्याकाळच्या गाडीनं परत आले. दार उघडत होते तर अक्का बाहेरच उभ्या. माझे धुळीनं भरलेले बूट त्यांनी पाहिले. कुठं गेली होतीस, का परत आलीस, काही विचारलं नाही. "भात झालाय," त्या म्हणाल्या. "ये जेवायला." त्यांच्या स्वयंपाकघरात बसून आंबट वरणभात खाताना मला रडू आलं, तेव्हा त्यांनी पुन्हा भात वाढला.

तेविसाव्या दिवशी हे आले. काळे पडलेले, दाढी वाढलेली, खूश. "बाहेरून एक थेंब आला नाही," ते सांगायला लागले. "पण पहाटे आतूनच ओली व्हायची. दोघांच्या श्वासाचंच पाणी. पांघरुणं भिजायची."

मी दोन्ही टोकांची कापडं उसवली. तिथं मच्छरदाणीची जाळी लावली, वरून झाकायला पडदे शिवले.

"हे कसं सुचलं तुला?"

"वारा फिराया पायजे," मी म्हणाले. माळावरच्या त्या बाईबद्दल मी त्यांना सांगितलं नाही. त्यांच्याकडं हिमालय होता. तेवढं एक माझ्याकडं असू दे, असं वाटलं.

दिवाळीच्या सुट्टीत ते एका सकाळी म्हणाले, "चल, आपण दोघं जाऊ. अक्कलकोटच्या बाजूला एक तलाव आहे, काठाला गवतं चांगली आहेत." बोलताना माझ्याकडं बघत नव्हते. मी निघाले.

दोन दिवस राहिलो. पहिला दिवस ते गवतं गोळा करत होते, मी चूल सांभाळत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी अवचित पाऊस आला आणि दोघांनाही राहुटीत शिरावं लागलं. मापाला मी आडवी झाले होते, शिवली मीच होती, तरी कालची रात्र धरून त्यात त्यांच्याशेजारी पडायची ही माझी दुसरीच वेळ. खांद्याला खांदा लागत होता. वर पाऊस वाजत होता. अर्धा तास गेला. मला तर वाटलं, ते झोपले.

मग ते छताकडं बघत म्हणाले, "डोंगरात तो बरोबर असला की तोच बोलतो. मला काही बोलावं लागत नाही." जरा थांबले. "तुझ्याशी काय बोलावं, ते मला कळत नाही. शिवण चाललं होतं तेव्हा कळत होतं."

मी कूस बदलून त्यांच्याकडं पाहिलं. कानशिलाजवळचे केस पांढरे व्हायला लागले होते. मला आधी कधी दिसले नव्हते.

"मलाबी न्हाय कळत," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. आम्ही तसेच पडून राहिलो. मला वाईट वाटत होतं आणि रागही उरला नव्हता. दीड वर्ष मला वाटत होतं, या घरात एकटी मीच आहे.

पाऊस थांबल्यावर ते बाहेर पडले. थोडं पुढं जाऊन थांबले. "येतेस?"

मी गेले. ओल्या गवतातून चालताना त्यांनी एक लांब कुसं असलेली काडी उपटली आणि तिचं लॅटिन नाव सांगितलं.

"आमच्याकडं ह्याला कुसळी म्हणत्यात," मी म्हणाले. "मेंढराच्या लोकरीत घुसती."

त्यांनी वही काढली, गुडघ्यावर ठेवली आणि लॅटिन नावाखाली माझा शब्द लिहून घेतला. मग वही खिशात घालून पुढं चालायला लागले आणि मी दहा पावलं मागून.