कागदावरचं शेण

कंपाउंडरने माझा अंगठा धरला आणि शाईच्या पॅडवर दाबला. विचारलं नाही, सांगितलं नाही. गुराचा कान धरावा तसा धरला. मांडीवर माझी सुमन, अकरा महिन्यांची, तापाने फणफणलेली. तिचा डावा दंड सुजून काळानिळा झाला होता. पू गळत होता. खोलीभर वास. डॉक्टर नाकाला रुमाल लावून खिडकीपाशी उभा.

"पोरांना शेण फासतात आणि मग आमच्या नावाने बोंबलत येतात," तो कंपाउंडरला म्हणाला. "घे अंगठा लवकर. उद्या साहेब येणार आहेत चौकशीला."

मी शेण लावलं नव्हतं.

बहात्तरचा दुष्काळ होता. आमचं गाव केडगावच्या पलीकडे, पुणे रोडपासून आत. पाझर तलावाच्या कामावर आम्ही माती वाहत होतो. तिथेच देवी काढणारा, म्हणजे देवीची लस टोचणारा, आला. मुकादम ओरडला, "पोरं घिऊन या गं समद्या! न्हाई टोचलं तर उद्या कामावर यायचं न्हाई."

रांग लागली. तो माणूस पोराच्या दंडावर लशीचा थेंब टाकी, त्यावर छोटी दातेरी चकती फिरवी, ती फडक्याला पुसून पुढच्या पोराला लावी. फडकं एकच. त्याच फडक्याने त्याने मानेचा घाम पुसला.

मी म्हणाले, "भाऊ, उकळत्या पान्यातून तरी काढा की ते."

"बाई, तुज्या घरात प्यायला पानी न्हाई, आन् मला उकळाया सांगती व्हय!"

बाया हसल्या. मीही हसले. त्या माझ्या हसण्याची मला अजून किळस येते.

तिसऱ्या दिवशी सुमनला ताप भरला. आमच्याकडे टोचण्यालाच देवी काढणं म्हणत. म्हणून टोचल्यावर ताप आला की ती देवीच अंगावर आली, असं घरोघर मानत. सासू म्हणाली, "आईसायेब आल्यात. दवा न्हाई, पानी न्हाई. सात दिस हात लावायचा न्हाई." घरात फोडणी बंद झाली. पोरीखाली लिंबाचा पाला अंथरला. मला दिसत होतं. बाकीच्या बहुतेक पोरांच्या दंडावर बारका फोड होता आणि हिचा हात कोपरापर्यंत लाल होऊन ताठला होता. तरी मी पाच दिवस बसून राहिले. चौथी शिकलेली बाई, पाला बदलत बसले. ही चूक माझी. सासूवर ढकलत नाही.

सहाव्या दिवशी मी पोरीला उचललं आणि या दवाखान्यात आले.

माझ्या आधी शेवंता बसली होती. कामावर माझ्याच जोडीला असायची. तिच्या पोराचाही दंड तसाच. तिने अंगठा दिला होता. मी हात ओढून घेतला आणि तिच्या अंगठ्याच्या वरचा मजकूर वाचला. माझ्या कागदावरही तोच होता. 'जखमेवर शेण लावल्याने बिघाड झाला. लस टोचण्यात कसूर नाही. मजकूर वाचून दाखविला, कबूल आहे.'

कोणी वाचून दाखवला नव्हता.

"ह्यात शेण कुठून आलं?" मी विचारलं.

डॉक्टरचा रुमाल खाली आला. "तुला वाचता येतं?"

"येतंय. पाला हुता, शेण न्हवतं. पाच दिस घरात ठिवली ती माझी चूक, ती लिवा. त्यानं एकाच फडक्यानं समदी पोरं टोचली, ते बी लिवा."

"मला शिकवतेस? बाहेर जीप उभी आहे. नगरला न्यायचंय ना पोरीला? अंगठा दे, चिठ्ठी घे."

शेवंताने मला ढोसलं. "दे की बये! अंगुठाच हाय. पोर मरंल."

खोटं नव्हती बोलत. माझा हात पुढे गेलाही. मग मनात आलं, नगरचा डॉक्टर हाच कागद वाचणार आणि शेण धरूनच इलाज करणार. आणि तो देवी काढणारा उद्या दुसऱ्या कामावर तेच फडकं घेऊन जाणार, कारण कागदावर त्याची काहीच चूक नाही.

शाई लुगड्याला पुसली आणि उठले.

"मेली तर तुझ्या कर्माने," डॉक्टर मागून म्हणाला.

भर उन्हात पुणे रोडपर्यंत चालले. एसटीला हात केला. नगरच्या दवाखान्यात एका सिस्टरने खोदून खोदून विचारलं. कधी टोचलं, ताप कधी, सूज कधी, काय लावलं. मी पाच दिवसांचंही सांगितलं.

"पाच दिवस? डोकं ठिकाणावर होतं का तुझं?" ती कडाडली. पण जे सांगितलं तेच लिहिलं. म्हणाली, "लशीचा दोष दिसत नाही. हत्यार घाण असणार. पण नक्की काय ते आता कोण सांगणार?" त्याच दुपारी डॉक्टरांनी दंड चिरला.

दोन वर्षांनी धाकट्या लेकीची टोचायची वेळ आली. टोचणारे दारात आले तेव्हा सासू म्हणाली, "हिला तरी लपीव." लपवली नाही. देवीने मेलेली पोरं मी पाहिली होती. चुलीवर पातेलं ठेवलं, टोचणाऱ्याला ओट्यावर बसवलं आणि सुई उकळून गार होईपर्यंत उठू दिलं नाही. त्याने तोंड वाकडं केलं. करू दिलं.

आता नाती लेकरं घेऊन येतात, विचारतात. मी एवढंच सांगते. टोचून घ्या. टोचल्याची तारीख, टोचणाऱ्याचं नाव लिहून ठेवा. काही वावगं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. स्वतःची चूक असेल तर तीही सांगा, लाजू नका. आणि तुमच्या लेकराबद्दल कोणी खोटं लिहीत असेल तर त्याला तिथेच आडवं जा, मग तो कितीही शिकलेला असो. मी गेले. परत वेळ आली तर परत जाईन.

शेवंताचं पोरगं जीपने आमच्या आधी नगरला पोचलं होतं. ते बाराव्या दिवशी गेलं. सुमन जगली. तिचा डावा हात खांद्याच्या वर जात नाही.