प्रभुभोजनाचे प्याले

लग्न होऊन मी अकोल्याहून अमरावतीला आले तेव्हा सासूबाईंनी मला घरातल्या स्वयंपाकघराआधी चर्चचं कपाट दाखवलं. त्यात लाकडी ताटं होती, ताटांना गोल भोकं, आणि प्रत्येक भोकात अंगठ्याएवढा काचेचा प्याला. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनात, येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीत, याच प्याल्यांतून द्राक्षरस मिळायचा, आणि ते धुण्याचं काम सासूबाईंचं. त्या मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या. दवाखान्यातून निवृत्त झाल्या, प्याल्यांतून नाही. पूर्वी इंजेक्शनच्या सुया उकळत तसे त्या प्याले उकळायच्या, आणि मध्ये कोणी लुडबुड केली तर त्यालाही पातेल्यात टाकतील अशा नजरेने बघायच्या.

मग कोरोना आला आणि त्याच्यासोबत प्लास्टिकचे प्याले आले. प्यायचे, फेकायचे. कोरोना गेला, प्याले राहिले. एकदा सोय झाली की माणूस ती सोडत नाही, मग तो कितीही प्रार्थना करणारा असो. उपासना संपली की सगळे प्याले चर्चच्या मागच्या भिंतीशी नेऊन जाळायचे. आत हालेलुया, बाहेर काळा धूर.

एका रविवारी सासूबाईंनी वापरलेले प्याले पिशवीत भरून घरी आणले आणि जुन्या सवयीने उकळत्या पाण्यात टाकले. पाच मिनिटांनी पातेल्यात वाळल्या मिरच्यांसारखं काहीतरी तरंगत होतं. मला हसू आवरेना. त्याही हसल्या, मग गॅस बंद करून खुर्चीवर बसल्या.

"प्रभूनं पाच हजार लोकाइले जेवू घातलं, अन् उरलेले तुकडे बारा टोपल्या भरून वेचाले लावले," त्या म्हणाल्या. "जाळाले नाई लावले. अन् मले सांग, तिथं आता माझं काय काम उरलं?"

माझं डोकं तसंही लवकर फिरतं. या प्रश्नाने ते पुरतं फिरलं.

जूनमध्ये चर्चचा पर्यावरण रविवार आला, आणि योगायोगाने त्याच दिवशी प्रभुभोजन. आमचे पाळकसाहेब तरुण आहेत, मनाने सरळ. सृष्टी देवाची आहे, आपण फक्त राखणदार, असा उपदेश त्यांनी तयार केला होता आणि चार दिवस आधीपासून ते तो भेटेल त्याला थोडाथोडा ऐकवत होते. मलाही ऐकवला.

"चांगला हाय साहेब," मी म्हटलं. "उपदेश झाल्यावर प्याले नेहमीच्याच जागी जाळाचे, का पर्यावरणासाठी दुसरी जागा पाहाची?"

ते ओशाळले. "ताई, कळतं मला. पण काचेचे धुणार कोण? आईंचं वय झालं."

सासूबाईंना सगळं चर्च आईच म्हणतं. वय झालं का, हे आईंना कोणी विचारलं होतं का? मी हसून मान डोलावली आणि शनिवारच्या सजावटीचं काम आपण होऊन मागून घेतलं. मी आपण होऊन काम मागितलं यावरूनच त्यांना संशय यायला हवा होता, पण पाळकांचा माणसांवर विश्वास असतो.

शनिवारी दुपारी मी चर्चमध्ये आठ कुंड्या मांडल्या, मागच्या खोलीतला प्लास्टिकच्या प्याल्यांचा पुडा उचलला आणि सरळ गाडीच्या डिकीत टाकला. मग काचेचे प्याले घरी नेऊन धुवायला म्हणून कपाट उघडलं. एवढ्या वर्षांची धूळ निघणार, म्हणून तोंडाला पदर बांधूनच उघडलं.

धूळ नव्हती. ताटांवर धुतलेलं पांढरं कापड अंथरलेलं होतं आणि त्याखाली प्याले लखलखत होते. दर महिन्याला एका शनिवारी आई फुलं ठेवायला म्हणून एकट्या चर्चमध्ये जायच्या आणि दोन तासांनी परतायच्या. दोन फुलदाण्यांना दोन तास कशाला लागतात, हे मला कधी सुचलंच नव्हतं. कोणी पिणार नाही ते प्याले ही बाई इतकी वर्षं धूत होती. मी पदर सोडला आणि तिथेच थोडी रडले. मग प्याले होते तसे झाकले, पुन्हा नीट चोर झाले आणि घरी गेले.

रविवारी उपासनेच्या अर्धा तास आधी पाळकसाहेब मागच्या खोलीत पुडा शोधत होते. कपाटावर, टेबलाखाली, बाजाच्या पेटीमागे.

"प्रार्थना करा साहेब," मी म्हटलं. "भेटन."

सासूबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. एकदाच. मग कपाट उघडून त्यांनी काचेच्या प्याल्यांची ताटं टेबलावर ठेवली आणि द्राक्षरसाची किटली उचलली. पहिला प्याला भरताना त्यांचा हात असा कापला, की निम्मा रस कापडावर सांडला. दुसऱ्यालाही तेच. पाळकसाहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. आईंनी किटली माझ्यापुढे केली. "तू भर."

त्या दिवशी उपदेश लांबला, पण मागे धूर निघाला नाही. उपासनेनंतर आम्ही दोघी नळापाशी ताटं आणि बादली घेऊन बसलो. हाताबद्दल मी विचारायच्या आधी त्याच बोलल्या.

"वर्ष झालं हात कापून राहिला. तीन प्याले फुटले माझ्याच्यानं. काम सुटनारच होतं वो, मले का समजत नाई? पन ते कोनाच्या तरी हाती देऊन सोडाचं होतं मले. या लोकाइनं देयाले कामच ठेवलं नाई." त्यांनी साबण माझ्याकडे सरकवला. "पुडा कुठं हाय ते मी इचारत नाई. धू."

मी पहिला प्याला घासला, दोन पाण्यांतून काढला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उन्हात धरून फिरवून पाहिला, आणि परत माझ्या बादलीत टाकला.