तुळशीचं तेल आणि बाबांचा खोकला

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी आमच्या सरांनी प्रबंधासाठी प्रत्येकाला एकेक झाड वाटून दिलं. कुणाला अडुळसा, कुणाला कडुनिंब. माझ्या वाट्याला तुळस आली आणि मला हसूच आलं. छप्पन साली आमच्या घराने दीक्षा घेतली, तेव्हा देवांच्या तसबिरींबरोबर उमरेडच्या आमच्या अंगणातली तुळससुद्धा बाबांनी उपटून टाकली होती. पुढे पंधराएक वर्षं आमच्या दारात तुळस नव्हती, आणि आता तिच्यावाचून माझी डिग्री अडली होती.

मी नागपुरात सक्करदऱ्याला एका बाईंकडे खोली घेऊन राहत होते. त्यांच्या मागच्या अंगणात तुळशी माजल्या होत्या. पाला मागितला तर बाई खूश झाल्या, पण म्हणाल्या, "तू हात नको लावू वं, मीच तोडून देते." का, ते त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. शिवाय रविवारी आणि द्वादशीला त्या पान तोडत नसत, त्यामुळे माझं संशोधन पंचांग बघून चालायचं. अंगाचा तिळपापड व्हायचा. पण पाला बाईंचा होता, गरज माझी होती. मी पिशवी धरून उभी राहायचे.

पाला ताजाच लागायचा. नागपूरच्या उन्हात वाळवला की त्यातलं तेल उडून जातं आणि हातात नुसता कचरा उरतो. मोठ्या चंबूत पाला भरायचा, त्यातून वाफ सोडायची, ती वाफ थंड करून खाली धरायची. तासन्‌तास बसलं की पाण्यावर पिवळसर तवंग दिसायचा. पिशवीभर पाल्यातून जेमतेम बाटलीचं बूड ओलं होईल एवढं तेल. वास मात्र लवंगेचा, कारण लवंगेतलं युजेनॉल यातही असतं. त्यावर फेरिक क्लोराइडचे थेंब टाकले की रंग बदलायचा, आणि दर वेळी मला आनंद व्हायचा. ज्या झाडाला हात लावायची मला मनाई, त्याच्या पोटात काय आहे ते मी कागदावर काढून दाखवत होते. मला याचा फार गर्व होता. तो लपवायचा मी प्रयत्नही करत नसे.

बाबा विणकर होते. छातीत क्षय निघाला होता आणि उमरेडच्या दवाखान्यात ते रोज सुई टोचून घेत. त्या सुईने त्यांचे कान अर्धे गेले. कानात सारखा गुणगुणाट, उभं राहिलं की भोवळ. मागावर बसणारा माणूस तुटलेला धागा आधी कानाने ओळखतो, इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्याचा आवाज बदलतो. बाबांना तो ऐकू येईनासा झाला. लुगड्यात वीतवीत खोट राहायची, आणि ज्या माणसाच्या कामात बोट ठेवायला जागा नाही असं लोक म्हणायचे, तो स्वतःचंच कापड उलगडून बघायला घाबरायला लागला.

अशात ते तपासणीसाठी एस.टी.ने नागपूरला आले आणि मी त्यांना आमची प्रयोगशाळा दाखवायला नेलं. शेजारच्या विभागातल्या एका मैत्रिणीने माझ्या तेलाची चाचणी केली होती. काचेच्या बशीत फोडाच्या पुवातले जंतू वाढवले होते आणि मधोमध तेलात भिजवलेली कागदाची टिकली ठेवली होती. सगळीकडे जंतूंची साय धरलेली, टिकलीभोवती मात्र स्वच्छ गोल.

बाबांनी बशी उजेडाला धरली. "हे काय होय वं?"

"तुळशीचं तेल आहे बाबा. जिथपर्यंत ते पोचलं, तिथपर्यंत जंतू मेले."

"माह्या छातीतले बी मरतीन?"

क्षयाचे जंतू वेगळे, त्यांच्यावर मेणाचं कवच असतं, फोडातल्या जंतूंना जे मारतं ते त्यांना मारेलच असं नाही. आणि बशीत तेल ठेवणं वेगळं, माणसाच्या छातीत पोचवणं वेगळं. हे सगळं मला पाठ होतं. परीक्षेत लिहून मी मार्कही घेतले होते. पण बाबा माझ्याकडे असे पाहत होते की त्या मोठेपणावरून मला खाली उतरवेना. मी हसून म्हणाले, "ते बी जंतूच ना बाबा!"

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तर दारात डालड्याच्या डब्यांत सहा-सात तुळशी. शेजारच्या काकांनी बाबांना टोकलं होतं म्हणे, "काहून गा, पुन्हा देव आणून राहिला का घरात?" बाबांनी त्यांना उत्तर दिलं होतं, "देव नाही गा हे, औषध हाय. माह्या पोरीनं कॉलेजात करून पाह्यलं." आई रोज वाटीभर रस काढून द्यायची. आणि दोन महिने झाले, बाबांनी सुई बंद केली होती.

मी ओरडलेच, "बाबा, सुई काहून बंद केली?"

"तूनंच तं सांगतलं ना," ते म्हणाले. "आता भोवळ नाही येत मले. मागावर बसून राहिलो."

खरंच बसत होते. चेहऱ्यावर कळा आली होती. तेव्हाच म्हणायला हवं होतं की मी त्या दिवशी मोठेपणा मिरवला, मला काही ठाऊक नव्हतं. तेवढं एक वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. मी म्हणाले, "दोन्ही घ्या बाबा, सुई पण घ्या." माझ्या आवाजात जोरच नव्हता. ते "हो हो" म्हणाले, आणि मी तोंडी परीक्षेच्या तयारीला नागपूरला परतले.

थंडीत त्यांना रक्ताची उलटी झाली. आईने त्यांना टॅक्सीत घालून नागपूरच्या इस्पितळात आणलं. वॉर्डातल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरला आणि त्यांचा पारा चढला. "सुया बंद करायला कुणी सांगितलं?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. मग छताकडे बघत ते म्हणाले, "कोनीच नाही साहेब. माह्याच मनानं केल्या. अडाणी मानूस आहो मी."

देव सोडले तेव्हाही ज्यांनी कुणापुढे मान खाली घातली नव्हती, जे अख्ख्या मोहल्ल्याला वर्तमानपत्र वाचून दाखवायचे, ते बाबा माझ्यासाठी अडाणी झाले. आई तोंडाला पदर लावून उभी होती. तिलाही सगळं ठाऊक होतं.

डॉक्टर माझ्याकडे वळले. मी काय शिकते ते त्यांना कळलेलं होतं. आपल्यातल्या माणसाशी बोलावं तशा आवाजात ते म्हणाले, "तुम्ही तरी काय करणार? या लोकांना कितीही समजावून सांगा."

बाबा ऐकत होते की नाही, मला कळलं नाही. मी मान हलवली. हो म्हणाले.